पाहुण्याची बाटली

निर्मलावहिनीनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं, फळीवरचा साखरेचा उघडा डबा कोपरानं मागं सारला, आणि त्याच्या पाठीमागचा, झाकणाला फडकं बांधलेला दुसरा डबा पुढं ओढून त्याची गाठ दातानं सोडली. झालं ते एवढंच. ह्यात कुणी दचकावं असं काही नव्हतं. हिंगोलीत त्या सकाळी कितीतरी घरांत असे डबे पुढंमागं झाले असतील. पण उंबऱ्याशी पाटावर बसलेल्या चतुराच्या पोटात एकदम खड्डा पडला. जिन्याला अजून एक पायरी आहे अशा भरवशानं पाय टाकावा आणि खाली सपाट फरशी लागावी, तसं.

“वहिनी, त्या डब्यातली संपली व्हय?”

“संपंल कशाची? अर्धा डबा हाय की. पर ती आमची. हवा लागून गोळे झालेत, मुंग्या निघून राहिल्या. तुमी पाहुण्या. तुमाला ती घातली तर तुमची माय मला जितं ठेवील का?”

“मी पाहुणी काहून?”

“मंग काय घरच्या? वर्साला एकदा येता. आन् टावेल संगं आणता.”

चतुराला हसू आलं, कारण टॉवेलाचं खरं होतं. तिनं चहा घेतला. चांगला पांढऱ्या साखरेचा, साय घातलेला, आणि बशीसकट कपात. बाकीच्यांचे पितळ्यांतून आले. पण खड्डा काही भरला नाही. चतुराचा स्वभाव असा, की अंगात कुठं कळ आली तर ती कुठल्या खात्यावर मांडायची हे ठरेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. तिनं ती ‘घरात परकी झाले’ ह्या खात्यावर मांडून पाहिली. बसेना. ते दुःख तिनं मुंबईच्या पहिल्याच वर्षी, वसतिगृहाच्या गच्चीवर, ओढणीत नाक खुपसून फेडून टाकलेलं होतं. त्यातलं काही बाकी नव्हतं. मग ‘वहिनीच्या जिभेला धार आहे’ ह्या खात्यावर मांडली. तेही नाही; वहिनीची धार तिला आवडायची. म्हणजे कळ दुसऱ्याच कुठल्या तरी गावाहून आली होती आणि इथं तिला फक्त उतरायला जागा मिळाली होती. चतुरा कप हातात धरून बसून राहिली, आणि तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं ते वहिनीचं कोपर: उघड्या डब्याला न बघता, सवयीनं, जरासं मागं सारणारं.

तसा तो दिवस कळ घेऊन बसण्याचा नव्हताच. संध्याकाळी विहारासमोर तिचा सत्कार होता. गल्लीतून डॉक्टर झालेली पहिली मुलगी, आणि नुसती डॉक्टर नाही तर विषाणूची चूक पकडणारी, असं तिच्या दादानं, किशनरावानं, सगळीकडं सांगून ठेवलं होतं. किशनराव तहसीलात नकला करायचा. शेताचे उतारे, फेरफार, जुने निकाल, लोकांनी अर्ज केला की बघून बघून सुबक अक्षरात उतरवून द्यायचे. त्या नात्यानं त्यानं तहसीलदारांना गळ घातली होती, आणि तहसीलदार हो म्हणाले होते. ह्या गल्लीत ते आजवर आले नव्हते; त्यांचा शिपाई येऊन गेला होता, जप्तीला. तेव्हा किशनराव गेले आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता. आणि त्याच संध्याकाळी, तिकडं मुंबईत, चतुराचे गुरू डॉक्टर रेगे बंगळूरच्या गाडीत बसणार होते. तिथल्या मोठ्या परिषदेत चतुराचा निबंध वाचायला. निबंधावर पहिलं नाव चतुराचं, दुसरं रेग्यांचं. असं नाव छापून आलं की पुढच्या महिन्यातली संस्थेतली मुलाखत म्हणजे नुसता उपचार, आणि नोकरी कायम. चौऱ्याहत्तर साल सरता सरता चतुरा पाईकरावच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला असता, तर जमेची बाजू अशी घसघशीत होती, की वाचणाऱ्यालाच संशय यावा.

गल्लीतली माणसं सकाळपासून येत होती. रुख्मिणीबाई गुडघा घेऊन आल्या आणि लुगडं वर करून तो त्यांनी चतुरासमोर ठेवला.

“बघ गं माय, कसा सुजून राहिला.”

“मावशी, मी तसली डॉक्टर न्हाई.”

“मंग कसली?”

“विषाणूची.”

“म्हंजी बिमार पडला तर त्याला बरं करतीस?” रुख्मिणीबाईंनी गुडघा झाकून घेतला. “आमचं कोन बघंल मंग?”

ओट्यावर सगळे हसले, चतुराही हसली. तिनं काय काम करते ते त्यांना सांगितलं, आणि झकास सांगितलं. सांगण्याची तिची एक रीत ठरून गेली होती आणि त्या रितीत दादाचं तहसील तिला फार उपयोगी पडायचं. प्रत्येक जीवाच्या पेशीत एक मोठी पोथी आहे, चारच अक्षरांत लिहिलेली. पेशी दुभंगायच्या आधी पोथीची नक्कल करायला एक कारकून असतो. त्याला एन्झाइम म्हणतात. हा कारकून सज्जन. एक अक्षर लिहितो, मागं वळून बघतो, चुकलं असलं तर खोडतो. विषाणूचा कारकून वेगळा. तो उलट्या दिशेनं नक्कल करतो, सरकारनं पाठवलेल्या हुकुमावरून मूळ दप्तरच नव्यानं लिहून काढावं तसा. आणि मागं वळून बघत नाही. सुटलाच. म्हणून तो चुकतो. आणि त्याच्या चुकण्यातच विषाणूचा फायदा. दर पिढीला नवा सदरा, पोलिसांनी ओळखावं कसं? “आमच्यात नक्कल चुकली तर भाऊ भावावर कोर्टात जातो,” दादा म्हणायचा, “आन् हिच्यात चुकली तर रोग शाबूत राहतो. सांगा, कोन्हाची चूक मोठी?” तो किती चुकतो, हे चतुरानं मोजलं होतं. दर दोनशे अक्षरांमागं एक. सज्जन कारकुनाची चूक तिच्या मोजणीच्या यंत्राला जवळजवळ ऐकूच आली नव्हती. ह्या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तिचा शोध. ओट्यावर बसून ती ते सांगत होती, लोक माना हलवत होते, आणि ‘दोनशेमागं एक’ म्हणताना तिच्या पोटातल्या खड्ड्याच्या काठची माती जराशी ढासळली.

तिच्या लक्षात आलं. कळ ह्या गावाहून आली होती.

ती उठली, “जरा पाय मोकळे करते” म्हणाली आणि कयाधू नदीच्या दिशेनं चालायला लागली. जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकले होते. तिला काही दिसत होतं, काही नव्हतं. आकड्यांचा तिला कधी धाक वाटला नव्हता. परीक्षेत, वादात, रेग्यांच्या खोलीत, ती आपल्या आकड्याला बोट लावून उभी राहायची आणि समोरचा गप्प व्हायचा. आता ती तसंच बोट लावायला गेली तर बोट आकड्यावरून घसरून वहिनीच्या कोपरावर जात होतं. कोपराचं काय? डबा मागं सारला. मागं सारला, दुसरा पुढं ओढला. ही हालचाल तिनं कुठं पाहिली होती? पाहिली नव्हतीच. पाहिली असती तर डोळ्यांना आठवली असती. ही तिच्या खांद्याला आठवत होती.

आणि खांद्यामागून एक दुसरीच आठवण निघाली, जुनी, कुरुंद्याची. बा तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं हळद शिजवायच्या कामाला जायचे, आणि लहानपणी ती भाकरी घेऊन जायची. कढईतल्या हळदीचा मातकट, गरम वास. दुपारी चहा व्हायचा. बा गोठ्याच्या वळचणीत हात घालून कान तुटलेला एक कप काढायचे, धुवायचे, पुढं धरायचे. वरून चहा पडायचा. पिऊन झाला की पुन्हा धुऊन वळचणीत. तिनं विचारलं होतं, “बा, आपला कप इथं काहून?” बा म्हणाले होते, “आपला हाय म्हणून.” धर्म बदलला, गावातल्या घरांतून देव गेले, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी आल्या, कप वळचणीतच होता. त्या दिवसापासून चतुराला एक नजर आली. कुठल्याही घरात, कुठल्याही हाटेलात, तिच्यासाठी वेगळं काढलेलं भांडं तिला कोसावरून कळायचं. कळलं की ती तहान नाही म्हणायची. औरंगाबादच्या कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या आईनं मोठ्या प्रेमानं स्टीलचा पेला दिला तेव्हा तिनं पेल्याकडं न बघता आधी मोरीकडं बघितलं होतं: बाकीचे पेले कुठं आहेत, हा कुठं जाणार. आणि मुंबईत, प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी चहाच्या वेळी ती ‘तहान नाही’ म्हणायच्या तयारीत होती, आणि चहा आला तो काचेच्या बीकरांतून! सगळ्यांना सारखे, चोच असलेले, अंगावर मापाच्या रेघा. कप कुणाचाच नव्हता. रेगेसुद्धा चोचीचा चटका वाचवत फुंकून पीत होते. ती त्या दिवशी इतकी हसली होती, की ही पोरगी अंमळ वेडी आहे असं तिथं बरेच दिवस चाललं. हे माझं घर, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

घर झालं म्हणजे घरची सगळी लक्षणं आली. कोंबड्यांच्या रक्तातून विषाणू काढायचा, विषाणू फोडून त्याचा कारकून वेगळा करायचा, हे काम तिनं दोन वर्षं केलं. थंड खोलीत स्वेटरवर स्वेटर घालून, नाकात कोंबड्यांचा वास मुरेपर्यंत. असा काढलेला एन्झाइम देशात फार कुणाकडं नव्हता. तिला त्याचा गर्व होता आणि तो रास्त होता. पण घरचा तो घरचा. बर्फात कुठल्याही नळीत ठेवलेला, अंगावर पेन्सिलीनं लिहिलेली तारीख. सज्जन कारकून मात्र विकत आणावा लागला, अमेरिकेहून. कोरड्या बर्फाच्या धुरात बसून तो विमानानं आला. कस्टमात अडकला तेव्हा चतुरा स्वतः सांताक्रूझला गेली, अधिकाऱ्याशी भांडली, पेटी मांडीवर घेऊन टॅक्सीनं आली. टॅक्सी, जी तिनं स्वतःसाठी कधी केली नव्हती. पेटी उघडताना सगळी खोली भोवती जमली होती. घरचा पहिला जावई पहिल्यांदा दारात यावा, तसं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला वाढायची वेळ आली, तेव्हा—

चतुरा बाभळीखाली थांबली. गाडीवाल्यानं “ओ बाई!” म्हणून बैल वळवले.

प्रयोग असा होता. नुसत्या ‘ए’ अक्षरांची लांब माळ द्यायची. तिच्यासमोर ‘टी’च बसायला पाहिजे. आणि मुद्दाम चुकीचं अक्षर, ‘सी’, किरणांची खूण लावून सोबत ठेवायचं. ते किती वेळा आत शिरतं ते यंत्र मोजतं. तेवढी चूक. पण खुणेचा ‘सी’ हा जीव हळवा. बाटली जुनी झाली, सारखी आत-बाहेर झाली, की त्यातले काही रेणू आपला एक कोपरा गाळून बसतात आणि ‘टी’च्या जागी चपखल बसतील असे होतात. खूण मात्र अंगावर तशीच. मग ते आत बसले तर कारकुनाची काही चूक नाही. तो बिचारा बरोबर माणूस ओळखून बसवतो आहे, आणि यंत्र टकटक करत ‘चूक, चूक’ म्हणत सुटतं. हे काय चतुराला ठाऊक नव्हतं? नव्या मुलामुलींना हे तीच शिकवायची. आणि तरी आता तिला तिचा हात दिसत होता, शीतपेटीच्या वाफेत घातलेला. पुढं ‘सी’ची उघडलेली बाटली होती, महिनाभर घरच्या एन्झाइमसाठी वापरलेली. हातानं ती मागं सारली, पाठीमागची सीलबंद ओढली, आणि तिचं सील पाहुण्यासाठी फोडलं.

कुणी सांगितलं नव्हतं. तसं करायला कारण नव्हतं. हातानं एकदम, आनंदानं, अगत्यानं केलं होतं. घरच्याला शिळं आणि पाहुण्याला ताजं. मग दोघांचे निकाल एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले, वर मथळा दिला ‘समान परिस्थितीत’, आणि मनापासून तसंच मानलं, कारण दोन्ही बाटल्यांवर नाव एकच होतं. अपमानाचा वेगळा कप जिला कोसावरून कळायचा, तिनं मानाचा वेगळा कप आपल्या हातानं भरला, आणि तिच्या डोळ्याला तो दिसला नाही.

ती काही रडली नाही. चतुरा रडणाऱ्यांतली नव्हती. हिशेब करणाऱ्यांतली होती, आणि तिनं तिथंच उभ्या उभ्या दोन्ही बाजूंनी वकिली करून घेतली. बाटली महिन्यात कितीशी शिळी होणार? थोडीच. पण चूक मोजायची ती तरी कितीशी? थोडीच, थोड्यात थोडं मिसळलं तर सगळंच बुडतं. पण विषाणूचा कारकून चुकतो हे तर सगळं जग म्हणतं आहे! म्हणू दे; किती, हे तिनं म्हटलं होतं. रेगे तरी कुठं काही बोलले? ते बोलणार नाहीत, त्यांचा तिच्यावर विश्वास आहे. ही बाजू तिला सगळ्यांत टोचली. रेग्यांनी एकदा शंका घेतली असती, खोचून विचारलं असतं, तर ती तडफेनं उठून सगळं पुन्हा तपासायला धावली असती. शंका घेणाऱ्यांची तिला लहानपणापासून सवय होती. विश्वास ठेवणाऱ्यापुढं मात्र सावध राहायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिनं खरवडून वर काढली. पहिल्यांदा दोनशेमागं एक निघालं तेव्हा तिला आनंद झाला होता. आकडा मोठा होता. मोठा होता म्हणून तिनं तो गोंजारला, भरवला. लेकराचं वजन वाढलं म्हणून कुणी तराजू तपासतं का?

घरी आली तर दादा जेवायला आलेला. त्याच्या बोटांना नेहमीची निळी शाई, आणि तोंडभर तहसीलदार. तिनं त्याला सांगितलं. नकला करणाऱ्या माणसाला समजायला वेळ लागला नाही. त्यानं घास ताटातच ठेवला.

“म्हंजी तो चुकतच न्हाई?”

“चुकतो, दादा. माझी पक्की खात्री हाय. पण किती, ते मला म्हाईत न्हाई. मी म्हटलं तेवढा न्हाई, बहुतेक.”

“मंग चुकतो म्हणायला काय हरकत हाय? आकडा सांगूच नको. इथं कोन्हाला दोनशे आन् दोन हजार कळून राहिलं?”

“इथं न्हाई. तिथं परवा वाचतील. आज सांजच्या गाडीनं सर निघणार. त्याच्या आधी फोन करायचा हाय.”

“चतुरा,” दादानं आवाज खाली आणला, माय ओट्यावर होती. “उद्या कर. आज आधी हार गळ्यात पडू दे, मंग काय चुकायचं ते चूक. मी त्या माणसाच्या टेबलापाशी किती दिवस उभा राहिलो, तुला म्हाईत हाय? आजवर ह्या गल्लीचं त्यांनी पाणी न्हाई पिलं. आज चहा पिणार हायेत. आपल्या घरचा.”

चतुरा दादाच्या निळ्या बोटांकडं बघत राहिली. हा माणूस बा गेल्यावर शाळा सोडून कचेरीत लागला, म्हणून ती औरंगाबादला गेली. तिच्या जमेच्या बाजूचं अर्धं पान ह्याच्या नावावर होतं. ह्यानं आयुष्यात एकदाच काही मागितलं, आणि मागून मागून काय, तर एक संध्याकाळ.

“दादा, तू नक्कल देतो. देऊन झाल्यावर तुझ्या ध्यानात आलं, की आपण एक ओळ दुसऱ्याच कागदावरची उतरवली. माणूस दारातून भाईर जाऊन राहिला. तू काय करशील?”

“हाक मारीन,” दादा म्हणाला, आणि आपण सापडलो हे कळून चिडला. “पर तो माणूस कोर्टात जाईल म्हणून! तुझ्या कोंबडीचा कोन भाऊ कोर्टात जातो?”

“जाईल की. कोन्हीतरी माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून पुढचं काम करील. वर्स-दोन वर्सं घालील. मंग त्याला कळंल.”

“त्याला कळंल तवा कळंल!”

आतून वहिनी म्हणाली, “करू द्या ना फोन. न्हाई केला तर त्या सत्काराला असं तोंड करून बसतील, की तहसीलदार म्हणतील मयतीला बोलावलं व्हय.”

दादानं ताटावरून उठून हात धुतला आणि सायकल काढली. कुठं चालला ते सांगितलं नाही.

पोस्टात ट्रंक कॉलच्या टेबलावर रतनसिंग नावाचे तांड्यावरचे एक भारदस्त मिशांचे गृहस्थ होते. मुंबईचा नंबर त्यांनी असा लिहून घेतला, जशी सोयरीकच जुळवायची आहे. “अर्जंट लावू का सादा?” अर्जंट. बाकावर ती बसली. शेजारी मनिऑर्डरीची रांग, लाखेचा वास. वाट बघताना आपण घाबरू, अशी तिची अटकळ होती. पण डोकं चमत्कारिक स्वच्छ चाललं होतं. दोन एन्झाइम, दोन बाटल्या. घरच्याला जुनी, घरच्याला नवी. पाहुण्याला जुनी, पाहुण्याला नवी. चार नळ्या. जुन्या बाटलीनं दोघांचीही चूक फुगली, तर दोष बाटलीचा. नव्या बाटलीनंही घरचा चुकला आणि पाहुणा चुकला नाही, तर ती चूक त्याची स्वतःची, अस्सल. इतकं सोपं होतं. एका दिवसाचं काम. ते तिनं केलं नव्हतं, आणि कुणी करायला लावलं नव्हतं, आणि आता तिला ते इतकं करावंसं वाटत होतं, की बोटांची अग्रं चुरचुरायला लागली.

“बाई, बोला! मुंबई!”

ट्रंक कॉलवर गुपित बोलायची सोय नसते. बोलायचं म्हणजे ओरडायचं.

“सर! तक्ता वाचू नका! तक्ता!”

“काय? कोण गेलं?” रेग्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आला.

“कुणी गेलं नाही! बाटली वेगळी होती सर! घरच्याला जुनी बाटली, बाहेरच्याला नवी! मी दिली!”

मनिऑर्डरीची रांग वळून बघायला लागली. रतनसिंगांनी शिक्का मारता मारता हात वर तसाच धरला. तारेत समुद्र खवळल्यासारखा आवाज होता. पलीकडं रेगे काय करत असतील हे तिला दिसत होतं: चष्मा काढून टेबलावर, डोळे मिटून, नाकाच्या दांडीला चिमूट.

“अगं, पण फरक फार नसेल,” ते शेवटी म्हणाले.

“नसेल! पण बघितलेलं नाही!”

“पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, चतुरा. समितीतले दोघं बंगळूरला समोर बसणार आहेत. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय सर.”

“तक्ता काढला तर मी तिथं वाचू काय?”

ह्या प्रश्नाची ती वाटच बघत होती. “एन्झाइम घरी कसा काढला ते वाचा! किती शुद्ध निघाला ते वाचा! त्यातलं एकही अक्षर हलणार नाही, कुणीही येऊन तपासावं! चुकीचं मागाहून सांगू, मोजून!”

पुन्हा समुद्र. मग तिला वाटलं ते हसताहेत. कदाचित खोकत असतील. “ठीक आहे,” रेगे म्हणाले. “तक्ता मी टेबलावर ठेवून जातो. सही तू करून ठेवलेली आहेस, तूच फाड. आणि मुलाखतीत विचारलं, तर?”

“सांगेन.”

“बरं, ह्या वेळी कुठली बाटली घेणार? जुनी की नवी?”

“दोन्ही! आणि दोघांनाही!”

“टैम झाला,” रतनसिंग म्हणाले, आणि तार तुटली. त्यांनी शिक्का खाली आणला. कानावर पडलेलं गिळून टाकायची त्यांच्या धंद्याची रीत होती, पण आज त्यांना राहवलं नाही. “बाई, ते जुन्या बाटलीवालं... दारूच्या गुत्तेदाराची भानगड हाय का काही?”

“न्हाई हो,” चतुरा म्हणाली. “कोंबडीची.”

रांगेतला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “सांगितलं न्हवतं का तुला, मुंबईला कोंबड्यासुद्धा पितेत,” आणि रांग पुन्हा पुढं सरकायला लागली.

बाहेर ऊन उतरलं होतं. पोस्टाच्या भिंतीला सायकल टेकवून दादा उभा होता; केव्हाचा उभा होता कोण जाणे. ओरडणं एवढं होतं, की आत यायची त्याला गरजच पडली नसावी. तो तिच्याकडं न बघता सायकलच्या घंटीची वाटी घट्ट करत राहिला.

“तहसीलदारांना सांगून आलो,” तो म्हणाला. “म्हटलं, साहेब, शोध जरा तपासणीवर हाय. आमच्या बहिणीनंच तो परत घेतला. यायचं असलं तर या, तिच्या शिक्षणासाठी या.”

“मंग?” चतुरानं विचारलं.

“मंग काय. म्हणले, बघतो.” त्यानं सायकल सरळ केली. “बघतो म्हणजी न्हाई. मी नकला करतो, तरी मला एवढं वाचता येतं. चाल. गल्ली तर येणारच हाय. रुख्मिणीबाई नवं लुगडं नेसलीय.”

दोघं चालायला लागली, सायकल मधे. आपण ह्याची एक संध्याकाळ घेतली, ही रक्कम चतुरानं मनात उधारीच्या बाजूला लिहिली आणि ती फिटायची नाही हेही तिथंच लिहून ठेवलं. ओझं होतं, पण पाऊल घट्ट पडत होतं. जिनिंगच्या कोपऱ्यावर दादा म्हणाला, “खरं सांग. लई निघंल का थोडी?”

“कोण?”

“चूक. त्याची.”

काल कुणी विचारलं असतं तर तिच्या तोंडून आकडा आधी निघाला असता आणि श्वास मागून. आता ती खरोखर विचार करत चार पावलं चालली. तिला आढळलं, की लई निघावी असं तिला वाटत नाही, आणि थोडी निघावी असंही नाही.

“मोजल्यावर सांगते,” ती म्हणाली, आणि दादाच्या हातातली सायकल तिनं स्वतःकडं घेतली. “तू मागं बैस. उशीर होतोय.”